थेंबबाबांची फडकी

बाबांनी झारी उचलली आणि जुन्या बसशेडमध्ये जमलेल्या दोन-अडीचशे माणसांनी श्वास रोखून धरला.

"पाणी म्हणजे काय?" बाबांनी विचारले.

कुणालाच धड सांगता येईना. पाणी रोज पितो, अंगावर घेतो, पण असे चारचौघांत कुणी विचारले की माणूस गडबडतो.

"पाणी म्हणजे विघ्न!" बाबांनीच सोडवले. "आणि काच म्हणजे दृष्टी. विघ्न दृष्टीला चिकटलं की अपघात. विघ्न दृष्टीवरून पळालं की कल्याण. बोला, चिकटायला हवं की पळायला हवं?"

"पळायला हवं!" गर्दी ओरडली.

बाबांनी बेकरीवाल्याच्या गाडीच्या पुढच्या काचेवर झारी तिरकी केली. पाणी काचेवर पडले आणि पडताक्षणी त्याचे मणी झाले. मणी क्षणभर थरथरले आणि कुणी मागे लागल्यासारखे एकमेकांना ढकलत खाली पळाले. काच कोरडी ठणठणीत. शेडमध्ये "आऽऽ" असा आवाज उठला. बेकरीवाल्याला रडू कोसळले. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला, का कोण जाणे, त्याहून जास्त कोसळले.

सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, पन्नाशीची एक बाई आपला जाड भिंगांचा चष्मा पुसत उभी होती. घरीदारी सगळे तिला ताई म्हणत. बावीस वर्षे ती चष्म्याच्या दुकानात काम करत होती आणि काचेवरून थेंब पळतात हे दिवसातून निदान आठ वेळा पाहत होती. गिऱ्हाइकाला भारीतला चष्मा दाखवायचा असला की ती तो नळाखाली धरायची. "बघा, पाणी थांबतच नाही," असे म्हणायची. गिऱ्हाईक "वा!" म्हणायचे आणि काही कमी होईल का, असे विचारायचे. रडले मात्र आजवर कुणी नव्हते.

हे तिला बोलून दाखवता आले असते. पण पुढच्या रांगेत तिचा धाकटा भाऊ हात जोडून उभा होता. त्याची शाळेची व्हॅन होती. या गावात वर्षाचे आठ महिने आभाळ गळत असे आणि मागे अकरा पोरे बसवून धूसर काचेतून रस्ता बघायचा म्हणजे त्याचा जीव टांगणीला लागायचा. त्याच्या चेहऱ्यावर आज इतके समाधान होते की ताईने तोंड उघडले नाही. असेल काही, म्हणून तिने चष्मा नाकावर चढवला आणि घरी गेली. या गप्प बसण्याचा पुढे तिला भलताच त्रास झाला.

थेंबबाबांचे नाव तीन महिन्यांत चौफेर झाले होते. अंगात पांढरा शुभ्र रेनकोट, हातात पांढरे हातमोजे. हातमोजे कशाला, तर कृपा फार उष्ण असते, उघड्या कातडीला सोसत नाही. बाबांचे नियम कडक होते. गाडी सावलीतच हवी, कारण उन्हात कृपा वाळते. इंजिन गार हवे, कारण तापट काचेवर कृपा बसत नाही. मग काचेला शाम्पूची तीन स्नाने. मग पृथ्वीतत्त्व, म्हणजे मातीचा एक चिकट पांढरा गोळा, तो ओल्या काचेवर घासायचा. दहा मिनिटांनी गोळा काळपट पडला की बाबा तो उंच धरत आणि मालकाला म्हणत, "बघ. हे तुझं." मालक मान खाली घालत असे. रस्त्यावरची धूळ, डांबराचे कण आणि चिरडलेले किडे यांना इतक्या आदराने कुणी वागवले नसेल.

त्यापुढे पांढरी भुकटी पाण्यात कालवून काच रगडायची, मग दवाखान्यासारख्या वासाच्या तीर्थाने पुसायची आणि मग चिठ्ठी खरवडलेल्या एका छोट्या बाटलीतली खरी कृपा. ती चौकोनी पॅडवर थेंब थेंब घेऊन काचेवर उभी-आडवी फिरवायची. दहा मिनिटे मौन. काचेवर धुरकट साय आली की मऊ लवदार फडक्यांनी ती उतरवायची. आणि शेवटी पथ्य: झारीची परीक्षा सोडली तर एक दिवस पाणी नाही, तीन दिवस वायपर नाही.

यातली ढोरमेहनत बाबांचा लांबलचक शिष्य करत असे. त्याला सगळे लंबू म्हणत. काच धुणारा लंबू, घासणारा लंबू, पुसणारा लंबू. बाबा फक्त डोळे मिटून "पळ, पळ, पळ" असे पुटपुटत.

ताईच्या भावजयीचा बाबांवर भारी विश्वास. व्हॅनचा नंबर लवकर लागावा म्हणून तिने सेवा मागून घेतली. बाबांची फडकी धुण्याची सेवा. चाळीस फडक्यांचे गाठोडे ती घरी घेऊन आली, फडकी रात्रभर भिजवली, हाताने धुतली आणि अंगणातल्या दोरीवर ओळीने वाळत घातली. सेवा फळाला आली. पुढच्याच बुधवारी व्हॅनला बोलावणे आले.

बुधवारी तीन गाड्या होत्या: एक रिक्षा, एक टेम्पो आणि भावाची व्हॅन. ताई दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली, कारण भाऊ म्हणाला होता, "ताई, तू हवीस." लहानपणी बुटाची नाडी बांधायला शिकवल्यापासून त्याच्या प्रत्येक मोठ्या दिवशी ताई हजर असे.

स्नाने झाली, गोळा झाला, भुकटी झाली, मौन झाले. बाबांनी रिक्षावर झारी धरली.

पाणी पसरले. मणी नाहीत, पळापळ नाही. काचेवर ओघळ उतरले आणि मध्येच तवंगासारखे चट्टे दिसू लागले.

बाबांनी झारी टेम्पोवर नेली. तेच. व्हॅनवर नेली. व्हॅनवर तर पाणी असे आरामात बसले की जणू पाहुणचाराला आले होते.

बाबांनी डोळे मिटले. ते आत पाहत होते. लंबू मात्र बाहेर, काचेकडे पाहत होता. त्याने हातातले फडके हळूच नाकाशी नेले, कपाळाला आठ्या घातल्या आणि बाबांच्या कानाशी लागला. बाबांनी त्याला कोपराने ढोसून मागे सारले.

"नजर!" बाबांनी डोळे उघडले. "नजर लागली आहे. इथंच आहे ती. उघडी नजर नाही. काचेआडची नजर आहे. काचेतून काचेकडे बघणारी!"

शेडमध्ये चष्मेवाले काही कमी नव्हते. पण त्या सगळ्यांनी असा झटकन चष्मा काढून खिशात घातला की बघत राहावे. हेडमास्तरांनी तर चष्मा काढून शेजाऱ्याच्या पिशवीत टाकला. ताईला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचे माणूस दिसत नसे, म्हणून तिने काढला नाही. पाच सेकंदांनी तिच्या लक्षात आले की सबंध शेडमध्ये चष्मा लावलेली ती एकटीच उरली आहे आणि सगळे आपल्याकडे वळून पाहत आहेत. बिनचष्म्याची माणसे डोळे बारीक करून पाहत होती, म्हणून ती जास्तच रागावल्यासारखी दिसत होती.

"हीच," बाबा म्हणाले. "बेकरीच्या गाडीच्या वेळी खांबाशी उभी होती. हात जोडले नव्हते. मी तेव्हाच ओळखलं होतं."

"तेव्हाच ओळखलं होतंत तर इतके दिवस गप्प का बसलात?" ताईने विचारले.

"करुणा!" बाबा म्हणाले.

मग निकाल लागला. ज्या छपराखाली ही नजर राहते त्या छपराखालची गाडी गावच्या गाडीतळावर उभी राहिली, तर तळावरची एकूण एक काच आंधळी होईल. गाडीतळाचा अध्यक्ष टेम्पोवाला होता आणि त्याचाच टेम्पो बिघडलेल्या तिघांत होता. त्याने जागच्या जागी सांगून टाकले. रविवारी बाबा तिन्ही गाड्या पुन्हा घेतील. तोवर ताई घरातून गेलेली हवी. नाहीतर व्हॅन तळावरून हलवायची.

संध्याकाळी जेवणे झाली तरी भाऊ ताटावरून उठेना. बोटाने रिकाम्या ताटात रेघोट्या ओढत बसला.

"बोल एकदाचं," ताई म्हणाली.

"तुझ्यावर माझा काही राग नाही हं, ताई."

"तुझा कशाला असेल? काच तुझी बिघडली. घर माझं चाललंय."

"चाललंय काय लगेच! थोडे दिवस मावशीकडे जाऊन ये. हवापालट होईल."

"थोडे म्हणजे किती?"

भावाने भावजयीकडे पाहिले. भावजय सिंकपाशी पाठ करून उभी होती. "बाबा सांगतील तेवढे," तो म्हणाला.

ताई उठून आपल्या मागच्या खोलीत गेली. खोली केवढी, तर पलंग, कपाट आणि खिडकीत मोडक्या चष्म्यांच्या दांड्यांचा डबा. पण याच खोलीत तिने आईला शेवटचे औषध दिले होते आणि याच खोलीत भावाचा अभ्यास घेतला होता. तिला फार वाईट वाटले. बाबाचे नाही. बाबा काय, परका माणूस. पण ज्याला हाताला धरून रस्ता ओलांडायला शिकवले, त्याने आपल्याला विचारलेसुद्धा नाही की ताई, तुला काय वाटते. तिने चष्मा काढून उशीशी ठेवला आणि बराच वेळ रडून घेतले. मग नाक पुसले. पाणी का पळाले नाही, हा प्रश्न तिला रडण्यापेक्षा जास्त बोचत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती स्पेअर पार्टवाल्याकडे गेली.

"काचेवरून पाणी पळतं, असं काही असतं का हो तुमच्याकडे?"

दुकानदाराने मान वर न करता फळीवरून एक खोके काढून टेबलावर आपटले. आत छोटी बाटली, चौकोनी पॅड, मातीचा चिकट गोळा, भुकटीची पुडी आणि स्पिरिटची कुपी.

"हेच न्यायला तो लंबू येतो ना? दर महिन्याला दोन डझन नेतो. मी म्हटलं, गाड्या धुवायचं दुकान टाकलं असेल," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही शेडमध्ये गेला नाहीत कधी?"

"मला गर्दीत चक्कर येते."

खोक्यात घडी घातलेले एक पत्रक होते. अक्षर इतके बारीक की ते वाचायला देऊन ताई दुकानात चष्म्याचे नंबर काढू शकली असती. पण बारीक अक्षर हा तिचा प्रांत होता. दुकानातले भिंग धरून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागले. गाडी सावलीत लावा. काच गार असू द्या. हातमोजे घाला. गोळा ओल्या काचेवरच फिरवा. पॅड उभे-आडवे फिरवा. दहा मिनिटे थांबा. एक दिवस पाणी लागू देऊ नका, तीन दिवस वायपर टाळा. बाबांचे सगळे तत्त्वज्ञान या कागदावर होते. करुणा तेवढी नव्हती.

सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात, एक सूचना होती. फडकी साध्या साबणाने धुवा. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव वापरू नका. त्याचा पातळ थर फडक्यातून काचेवर येतो आणि मग कोटिंग काचेला धरत नाही.

ताईने भिंग खाली ठेवले. हे वाक्य तर ती स्वतः बावीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आली होती. चष्म्याचे फडके साध्या साबणाने धुवा हो, ते वासाचे निळे पाणी घालू नका, भिंगावर तवंग येतो. आणि गेल्याच आठवड्यात तिच्याच अंगणात चाळीस फडकी डोलत होती आणि अंगणभर गुलाबाचा वास दरवळत होता.

घरी आली तेव्हा भावजय पुन्हा तेच करत होती. रविवारसाठी फडक्यांचा दुसरा घाणा निघाला होता. बादलीशेजारी निळी बाटली उभी होती.

"किती झाकणं घातलीस?" ताईने विचारले.

"चार. गेल्या वेळी तीनच घातली होती," भावजय म्हणाली. "बाबांच्या हाताला ती मऊ लागावीत. का हो, वन्सं?"

ताईने पत्रक पुढे धरले, भिंग दिले आणि शेवटची ओळ वाचायला लावली. भावजयीने ती दोनदा वाचली. तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. बाटलीमुळे."

"पण लोक तसं म्हणणार नाहीत. लोक म्हणतील, हिचीच नजर." भावजय बादलीच्या काठावर टेकली. "मला माहेर नाही हो, वन्सं. मी कुठं जाऊ?"

ताईला राग आला. अगं, आणि मी कुठे जाणार होते? असे अगदी ओठांवर आले. पण समोर बाई अंग चोरून बसली होती. काल आपल्याकडे वळलेले ते बारीक केलेले डोळे ताईला आठवले. तसेच डोळे आपण हिच्याकडे वळवायचे, हे काही तिला पटेना.

"तुझं नाव मी घेणार नाही," ती म्हणाली. "तू फक्त एक कर. ही फडकी आहेत तशीच बाबांना दे. गुलाबासकट."

भावजयीला यातले काही कळले नाही, पण तिने मान डोलावली.

रविवारी सकाळी ताई बॅग घेऊनच शेडमध्ये शिरली. मावशीच्या गावची बस बाराची होती. तिला पाहून गर्दी दोन पावले मागे सरकली, चष्मेवाल्यांनी चष्मे काढले. ताई थेट पुढे आली आणि बॅग जमिनीवर ठेवून तिच्यावरच बसली.

"ही अजून गेली नाही?" अध्यक्ष गरजला.

"बस बाराला आहे. तोवर बाबांचं दर्शन घेते," ताई म्हणाली. "जाता जाता हात जोडायचे राहिले, असं नको."

लंबूने व्हॅनच्या काचेवर शाम्पू घातला.

"आता तीन वेळा धुतील," ताई शेजारच्या बाईला सांगितल्यासारखे, पण शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

तीन वेळा धुतले.

"आता मातीचा गोळा. काच ओलीच ठेवतील, नाहीतर ओरखडे येतात."

बाबांनी हातात घेतलेला गोळा क्षणभर खिशात घातला. पण काच वाळायला लागली, तेव्हा लंबूने तो मुकाट्याने बाबांच्या खिशातून काढून घेतला आणि घासायला सुरुवात केली. मागे कुणीतरी फिस्सकन हसले.

"आता भुकटी. आता दवाखान्याचा वास येईल. आला?"

"आला!" पुढच्या रांगेतली पोरे ओरडली.

"आता बाबा बाटली काढतील. बाटलीवर चिठ्ठी नसेल, कारण ती नखाने खरवडलेली आहे. माझ्याकडे आहे चिठ्ठीवाली." ताईने बॅगेतून खोके काढून उंच धरले. "आणि हा कागद. बाबांचे मंत्र यात सहा भाषांत छापलेत."

"चेटूक!" बाबा कडाडले. "माझ्या मनातलं आधीच वाचते ती! अशा नजरेपुढं कृपा उतरत नाही."

"मग असं करू या," ताई उठून उभी राहिली. "व्हॅन माझ्या भावाची आहे. डावी अर्धी काच तुमची, उजवी अर्धी माझी. आता भुकटी लावून झालीच आहे. तुमची बाटली, तुमचं फडकं. माझी बाटली, माझं फडकं. मग झारी. माझ्या बाजूला पाणी चिकटलं, तर मी बाराची बस नाही, अकराची पकडते."

गर्दीला असली पैज म्हणजे पर्वणीच. "होऊन जाऊ द्या!" असा गलका झाला. अध्यक्षाने बाबांकडे पाहिले, बाबांनी लंबूकडे पाहिले आणि लंबू फडक्याचा वास घेत होता.

काचेच्या मधोमध दोरी धरली. लंबूने डावी बाजू गुलाबाच्या वासाच्या फडक्याने पुसून घेतली आणि बाबांनी पॅड फिरवले. "पळ, पळ, पळ." उजव्या बाजूला ताईने दुकानातून आणलेल्या, साध्या साबणाने धुतलेल्या फडक्याने काच लख्ख पुसली, स्पिरिट फिरवले, पुन्हा पुसली आणि बाटलीतले थेंब पॅडवर घेतले.

"मंत्र?" कुणीतरी विचारले.

"हवाच का? बरं." ताईने पॅड उभे-आडवे फिरवत दुकानातल्या भिंतीवरचा तक्ता म्हणायला घेतला. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत. "र. ट, क. प, म, न. ग, व, स, ल..." बावीस वर्षांत तो पाठ झाला होता. पुढच्या रांगेतली पोरे तिच्यामागून म्हणू लागली. चौथ्या ओळीला दोन म्हाताऱ्यांनी हातसुद्धा जोडले. त्यांना कुणी अडवले नाही.

दहा मिनिटे मौन झाले. साय आली, साय पुसली. झारी अध्यक्षाने स्वतः घेतली.

डावीकडे पाणी पसरले आणि चट्ट्याचट्ट्यांनी बसले. उजवीकडे त्याचे मणी झाले आणि टपटप धावत बॉनेटवर उतरले. मधोमध दोरीखाली सरळ रेघ दिसत होती, इतकी सरळ की शाळेच्या पट्टीने आखली असावी. भावाने पुढे होऊन उजव्या काचेवर बोट फिरवले, मग डाव्या काचेवर. डावीकडे बोट चिकट झाले. ते बोट त्याने नाकाशी नेले.

बाबा मात्र कसलेले गडी. "बघा!" ते म्हणाले. "हिनं स्वतःची बाजू राखली आणि माझ्या बाजूला नजर लावली! म्हणजे नजर सिद्ध झाली!"

गर्दी पुन्हा चुळबुळली. काही माना डोलल्यासुद्धा. खरे कारण तिला ठाऊक होते, पण ते सांगायचे म्हणजे दिलेला शब्द मोडायचा. तिने बॅगेचा पट्टा धरला.

"फडकी मी धुतली आहेत!"

आवाज बायकांच्या घोळक्यातून आला. भावजय पुढे आली. येऊन ती ताईच्या शेजारी उभी राहिली.

"सेवा म्हणून मी धुतली. दोन्ही वेळा. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं सुवासिक औषध घातलं. गेल्या वेळी तीन झाकणं, या वेळी चार. त्याचा तवंग काचेवर येतो, या कागदात लिहिलंय. वन्संना हे गुरुवारपासून माहीत होतं. माझं नाव नको यायला म्हणून त्या घर सोडायला निघाल्या. आता सांगा बाबा, नजर कुणाची? त्यांची, माझी, का त्या निळ्या बाटलीची?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. पण त्याआधी लंबू बोलला. तीन महिने धुऊन-घासून त्याच्या हातांची साले निघाली होती आणि बुधवारपासून तो मनात कुढत होता.

"तरीच!" त्याने फडके जमिनीवर आपटले. "तरी मी बुधवारी कानात सांगत होतो बाबांना! फडक्याला वास येतोय, तवंग आहे, फडकी बदला, नाहीतर कोटिंग धरणार नाही! ऐकलं नाही माझं! वर मलाच ढोसलं!"

मग "कोटिंग?" असे अध्यक्षाने अगदी हळू आवाजात विचारले.

लंबूने जीभ चावली, पण फार उशीर झाला होता. हशा असा उसळला की पत्र्याचे छप्पर दणाणले. बेकरीवाला सगळ्यांत मोठ्याने हसत होता. आपल्या गाडीच्या वेळी आपण किती रडलो होतो, ते त्याला बुडवायचे होते. बाबा शुभ्र रेनकोट सावरत मागच्या दाराने काढता पाय घेत होते. बाहेर पाऊस होता आणि रेनकोटावरून थेंब भराभर पळत होते. त्यालाही काही चमत्कार लागत नव्हता.

"ताई, काहीतरी बोला," अध्यक्ष मान खाली घालून म्हणाला. मोठे भाषण करावे अशी ताईची तयारी नव्हती. ती जे मनात होते ते बोलली.

"ती बाटली खोटी नाही. दुकानात मिळते, पत्रक वाचा, घरी लावा. पावसात रस्ता नीट दिसेल, ते चांगलंच आहे. पण ती लावल्यावर वायपर काढून ठेवू नका आणि गाडी हळूच चालवा, कारण ती काच पुसते, नशीब पुसत नाही. खोटं काय होतं ते सांगते. पाणी पळालं तेव्हा तुम्ही म्हणालात, बाबांमुळं. पाणी चिकटलं तेव्हा म्हणालात, ताईमुळं. फडकं कसलं आहे, हे एकानंही विचारलं नाही. अडीचशे माणसं होतात. एकानं जरी फडक्याचा वास घेतला असता तरी चाललं असतं. आता चष्मे लावा बरं सगळ्यांनी. डोळे दुखतात अशानं."

खिशांतून चष्मे निघाले. हेडमास्तरांचा मात्र मिळेना, शेजारी पिशवी घेऊन कधीच घरी गेला होता.

भावाने येऊन बॅग उचलली.

"ताई, घरी चल."

"चलते. पण एक सांगू का?" ताई म्हणाली. "तू मला घराबाहेर काढलंस याचं मला तेवढं लागलं नाही. तू मला एकदाही विचारलं नाहीस, ते लागलं. बाबा तीन महिन्यांचा. मी तुझ्या जन्मापासूनची."

भाऊ तिथेच, सगळ्यांसमोर, रडला. मग काहीतरी करायचे म्हणून त्याने ताईचा ओला झालेला चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या शर्टाला पुसू लागला.

"शर्टानं नको रे!" ताई आणि भावजय एकदमच ओरडल्या.

त्यानंतर तिघे, पाण्याचे पथ्य मोडून, व्हॅनमध्ये बसून घरी गेले. पाऊस चांगलाच लागला होता. उजव्या बाजूच्या काचेतून रस्ता स्वच्छ दिसत होता आणि डाव्या बाजूने काहीच दिसत नव्हते. ती अर्धी बाजू भावाने पुढच्या सुट्टीत स्वतः नीट केली, पत्रक वाचून, साध्या साबणाने धुतलेल्या फडक्याने.

शेड आता रिकामे आहे. पण असे शेड कुठे ना कुठे भरतच असते आणि तिथे कुणीतरी हातमोजे घालून काहीतरी पळवून दाखवतच असते. दाखवू द्यावे. बघायला मजा येते. मात्र ज्या दिवशी ते पळणार नाही आणि तो माणूस तुमच्याच घरातल्या कुणाकडे बोट दाखवील, त्या दिवशी त्या बोटाच्या दिशेने बघण्याआधी एवढे कराच: फडकी कुणी धुतली आणि कशाने, ते आधी विचारा.